आरसा धरणारी

नॉर्व्हल ट्वेटन जानेवारीत गेला आणि एप्रिल संपत आला तरी त्याला मूठमाती मिळाली नव्हती. याचं नवल नॉर्डालमध्ये कुणालाच वाटलं नाही. विस्कॉन्सिनच्या या टेकड्यांत हिवाळ्यात मेलेल्या माणसाला जमीन मऊ होईपर्यंत थांबावंच लागतं. तोवर त्याची पेटी चर्चमागच्या दगडी कोठीत पडून राहते. आणि थांबणं हे काम त्याच्या बहिणीला, आर्डिसला, काही नवीन नव्हतं. तिनं जन्मभर दुसरं केलं काय?

तो गेला तो दुपारच्या कॉफीनंतर, जेवणघरातल्या मोठ्या टेबलावर, एका जुन्या नकाशावर गाल टेकून. आर्डिसला वाटलं, डुलकी लागली असेल. कप उचलायला ती जवळ गेली, तेव्हा तिच्या लक्षात आलं. आणि लक्षात आल्यावर तिनं पहिली गोष्ट काय केली, तर त्याच्या गालाखालून नकाशा हळूच ओढून काढला. तोंडातली लाळ कागदाला लागू नये म्हणून. मग फोन केला.

या गोष्टीचं तिला पुढं केव्हातरी फार वाटायला हवं होतं. पण वाटलं नाही. कशाचंच वाटलं नाही. प्रार्थनेला सगळं गाव आलं, चर्चच्या तळघरात बायकांनी हॅमचे पाव आणि मोठ्या भांड्यात भाजलेली बटाट्याची हॉटडिश मांडली, जो तो येऊन हात हातात घेऊन म्हणाला, "आर्डिस, तू मोठी धीराची." ती म्हणायची, "कॉफी घेतलीत का?" दाताच्या डॉक्टरनं सुई टोचली की गाल आपला असून आपला वाटत नाही, तसं तिचं अख्खं अंग झालं होतं.

शेजारची लव्हॉन मात्र असल्या धीराला भुलणारी नव्हती. तिनं दोन नवरे पोचवले होते आणि तिसऱ्याला नकार दिला होता.

"रड की गं एकदा," ती म्हणाली. "माझा दुसरा कसला होता तुला ठाऊक आहे. तरी मी त्याच्यासाठी दोन रुमाल भिजवले."

"येईल तेव्हा येईल."

"पोस्टानं यायचंय का ते?"

आर्डिसनं तिच्या कपात कॉफी ओतली. लव्हॉनला उत्तर देण्यापेक्षा तिला कॉफी देणं सोपं असतं.

*

नॉर्व्हल तिच्याहून चार वर्षांनी मोठा. सहकारी डेअरीत दुधाची फॅट तपासायचा. नळी उजेडात धरून डोळा बारीक करायचा, तसाच तो सगळ्या जगाकडे बघायचा. आर्डिस शाळेच्या स्वयंपाकघरात. सकाळी काळ्या फळ्यावर त्या दिवसाचं जेवण लिहायचं आणि मग ते शेकडो पोरांना वाढायचं. बाप गेला तशी स्प्रिंग कुली नावाच्या दरीतली शेती दोघांच्या नावावर झाली. पुढं ती विकून दोघं गावात राहायला आली. लग्न दोघांनीही केलं नाही. नॉर्व्हलनं का नाही केलं, ते विचारण्यात अर्थ नव्हता. त्याला जिवंत माणसांत फारशी गोडीच नव्हती.

त्याची गोडी होती ती अ‍ॅटलासांत. इथल्या प्रत्येक काउंटीच्या जमिनींचे मोठाले अ‍ॅटलास पूर्वीपासून छापले जातात. पानभर एक टाउनशिप, म्हणजे काउंटीचा एक तुकडा, तिच्यात चौकोन, आणि चौकोनात मालकाचं नाव. शाळा कुठं, चर्च कुठं, ओढा कुणाच्या कुरणातून जातो, सगळं. शेतकरी तो उघडतो ते शेजाऱ्यानं आणखी किती गिळलं ते बघायला. नॉर्व्हल उघडायचा तो मेलेली माणसं शोधायला. एकदा कोर्टाच्या तळघराची साफसफाई झाली आणि जुने अ‍ॅटलास गल्लीत पावसात काढून ठेवले गेले. नॉर्व्हल नेमका त्या दिवशी डेअरीची गाडी नेत होता; त्यानं दुधाचे कॅन बाजूला सारून ते गाडीत भरले आणि त्या दिवशीचं दूध उशिरा पोचवलं. आयुष्यात त्यानं केलेला एवढाच काय तो गुन्हा.

मग लिलाव सुरू झाले. नॉर्व्हल टोपीच्या कडेला बोट लावून बोली लावायचा आणि घरी येताना गाडीत गुणगुणायचा. विस्कॉन्सिन भरलं, मग मिनेसोटा, मग आयोवा. अ‍ॅटलास उभे ठेवायचे नसतात, शिवण सुटते. आडवेच ठेवायचे. आता आडवं ठेवायला घरात जागा कुठली? जेवणघर गेलं, तेव्हापासून दोघं स्वयंपाकघरात उंच स्टुलांवर बसून जेवू लागले. मग पलंगांखालची जागा गेली. आर्डिस लव्हॉनला सांगायची, "मी तीस वर्षं अख्ख्या आयोवावर झोपते आहे. सपाट आहे म्हणतात, पण पाठीला कळतं."

एकदा शेती विकायच्या आधीच्या सालचा एक अ‍ॅटलास हाती आला, त्यात स्प्रिंग कुली होती. नॉर्व्हलनं तिला हाक मारली. "ये, ये लवकर. हे बघ, आपण!"

तिनं हात पुसत वाकून पाहिलं. चौकोनात लिहिलं होतं, 'एन. ट्वेटन व इतर'.

"मी कुठं आहे?"

"ही काय. इतर."

"अर्धी जमीन माझी होती ना रे?"

"अगं, केवढासा चौकोन तो. छापणाऱ्यानं किती कोंबायचं त्यात?"

ती हसली. त्या वेळी तिला खरोखरच हसू आलं होतं. तिनं ते लव्हॉनला सांगितलं हे मात्र चुकलं. त्या दिवसापासून लव्हॉन मागच्या दारातून आत येताना हाक मारायची ती अशी: "काय गं इतर, कॉफी आहे का?"

*

रविवार दफनभूमीचा. चर्च सुटलं की नॉर्व्हल गाडी काढायचा. मागच्या सीटवर कॅमेरा, मऊ ब्रश, पाण्याची बाटली, सँडविचं आणि गोधडीत गुंडाळलेला आरसा. जुन्या थडग्यांचे दगड चुनखडीचे. शंभर हिवाळे खाऊन त्यांवरची अक्षरं साबणाच्या वडीवरच्या अक्षरांसारखी झिजलेली. समोरून बघितलं तर काहीच दिसत नाही. पण बाजूनं, अगदी तिरका उजेड टाकला तर अक्षर उठून येतं. तो उजेड आरशानं टाकायचा. ऊन आरशात घ्यायचं आणि दगडावर घसरवायचं.

आरसा आईच्या सामानातला होता. तिच्या शृंगारटेबलाचा तो नॉर्व्हलनं स्क्रू काढून सोडवला आणि परत कधी लावलाच नाही. टेबल आर्डिसच्या खोलीत तसंच राहिलं, चौकटीत मागची फळी दिसत असलेलं. ती केस विंचरायची न्हाणीघरातल्या औषधांच्या कपाटापुढं.

"जरा डावीकडे," नॉर्व्हल कॅमेऱ्यामागून म्हणायचा. "अजून. आता वर. बस. हलू नकोस."

ती हलायची नाही.

"हलू नकोस हं. श्वास घेतलास ना आत्ता? उजेड हलतो गं."

मग ती श्वाससुद्धा बेतानं घ्यायची. हात खांद्यापासून भरून येत, मग दुखत, मग दुखायचे थांबत. दुखायचं थांबलं की सोपं जायचं. कोण कुठली गुनहिल्ड, कुणाचं तीन आठवड्यांचं पोर, न्युमोनियानं गेलेला हायरम. त्या सगळ्यांच्या तोंडावर आर्डिसनं ऊन पाडलं. फोटो धुऊन आले की नॉर्व्हल त्यांच्या कडा कापायचा, कारण कडेला कधी आरशाचा कोपरा आलेला असायचा, कधी तिची बाही.

मध्यंतरी डेल्मर नावाचा एक माणूस होता. पावाची गाडी चालवायचा, हसला की त्याचे कान हलायचे. आर्डिस तेव्हा तिशीला आली होती. डेल्मरला सुट्टी फक्त रविवारी, आणि रविवारी आर्डिस कुठल्यातरी टेकडीवर आरसा धरून उभी. दोनतीन वेळा तो दफनभूमीतच येऊन बसला, कुंपणावर पाय सोडून. नॉर्व्हलनं त्याला सांगितलं, "सावली पडतेय, जरा सरक."

शेवटच्या खेपेला डेल्मर तिला म्हणाला, "तुझ्या भावाच्या मेलेल्यांना हवा तेवढा वेळ आहे, आर्डिस. मला नाही." पुढच्या वर्षी त्यानं वेस्टबीच्या एका विधवेशी लग्न केलं. आर्डिसनं लग्नाला गोड वड्या बेक करून पाठवल्या, लिंबाच्या. नॉर्व्हलला दोनेक वर्षांनी आठवण झाली. "तो कान हलवणारा येत नाही अलीकडे?" त्यानं विचारलं. यावर माणसानं चिडायचं की काय करायचं?

आता नॉर्व्हलला दुष्ट कुणी म्हणू नये. तो कधी आवाज चढवून बोलला नाही, थंडीत तिची गाडी आधी गरम करून ठेवायचा, लुटफिस्कचा मासा तिला आवडत नाही म्हणून स्वतःही खायचा नाही. एवढंच की ती आहे हे तो धरूनच चालला होता. घराला पाया असतो तो कुणी रोज जाऊन बघतं का?

*

निवृत्त झाल्यावर त्यानं सगळ्याचं सार काढायला घेतलं. ट्वेटन कुळाचा तक्ता. नॉर्वेतल्या एका डोंगरकड्याच्या शेतापासून आजपर्यंत, सगळ्या फांद्या, सगळी पोरंबाळं, एकाच लांबलचक कापडी कागदावर. शाईचा टाक, आणि एवढंएवढंसं बारीक, सरळ, देखणं अक्षर. उलगडला तर चर्चच्या तळघरातली टेबलं एकाला एक लावावी लागायची.

मेलेल्यांचं सोपं असतं, ते तक्रार करत नाहीत. जिवंत माणसाचं नाव मात्र त्याला विचारल्याशिवाय तक्त्यात घालायचं नाही, हा वंशावळवाल्यांचा कडक नियम. परवानगी येईपर्यंत त्याच्या चौकटीत पेन्सिलीनं नुसतं लिहून ठेवायचं, 'हयात'. परवानगी आली की पेन्सिल खोडायची आणि शाईनं नाव घालायचं.

तेव्हा नॉर्व्हलनं देशभरच्या चुलत, मावस, आते भावंडांना पत्रं पाठवली. पत्रं त्यानं टाइप केली. घड्या आर्डिसनं घातल्या, तिकिटं तिनं लावली, पाकिटं तिनं चाटून बंद केली. आठवडाभर कॉफीलाही डिंकाची चव येत होती. उत्तरं आली तीही तिनंच उघडली. टॅकोमाच्या चुलतभावानं लिहिलं, 'माझी पहिली बायको घालू नका, दुसरी घाला.' कुणी जन्मसाल पाच वर्षांनी अलीकडे ओढलेलं. रात्रीच्या जेवणाआधी दोघं बसायची: ती परवानगीची चिठ्ठी वाचायची, तो 'हयात' खोडून नाव लिहायचा, ती टिपकागद दाबायची.

एकदा त्याचा हात फार थरथरत होता. ती म्हणाली, "आण, आजचा दिवस मी लिहिते."

"छे गं, तुझं अक्षर फळ्यावरचं," तो म्हणाला. लागेल असं नाही म्हणाला, सहज म्हणाला. "तू टिपकागद धर."

तिनं धरला.

*

सगळा संग्रह राजधानीतल्या संशोधन ग्रंथालयाला द्यायचा, हे त्यानं कधीच लिहून ठेवलं होतं. पण घर आणि घरातलं सामान दोघांच्या नावावर, तेव्हा सही आर्डिसची लागणार होती. फेब्रुवारीत ग्रंथालयातून तमारा नावाची एक मुलगी व्हॅन घेऊन आली. मुलगी म्हणजे चाळिशीची. पण आर्डिसच्या वयाला सगळ्या मुलीच. बूट दाराशी काढले, कॉफीला नको म्हणाली नाही, अ‍ॅटलास उचलताना बाळ उचलावं तसा खालून हात घातला. आर्डिसला ती बरी वाटली. म्हणजे, काही वाटलं असतं तर बरी वाटली असती.

"तुम्हाला जड जाईल हे सगळं रिकामं होताना," तमारा म्हणाली.

"पलंग हलका होईल," आर्डिस म्हणाली.

मदतीला म्हणून, म्हणजे खरं तर बघायला, लव्हॉनही आली होती. तिनं शेजारणीच्या घरातून एवढे कागद निघताना पाहून तोंडावर हात ठेवला. "उफ दा! मला वाटायचं याच्याकडे काहीतरी लपवलेलं असेल. हे तर खरंच नकाशेच निघाले."

तक्ता शेवटी राहिला होता. परवानगी नसलेलं जिवंत नाव त्यात राहून गेलंय का, एवढं पाहणं तमाराला भाग होतं. तिघींनी मिळून तो टेबलावर थोडा थोडा उलगडला, एका बाजूनं सोडत, दुसऱ्या बाजूनं गुंडाळत. तमारा बोट न टेकवता नावांवरून हात फिरवत होती आणि चिठ्ठ्यांच्या पेटीशी ताळा बघत होती. "काय काम आहे हो हे," ती दोनदा म्हणाली. "सगळं चोख आहे. एकही राहिलेलं नाही."

स्वतःची फांदी नॉर्व्हलनं सगळ्यात आधी काढली होती, म्हणून ती गुंडाळीच्या अगदी आत होती. वर कार्ल आणि बोर्गहिल्ड, म्हणजे आईवडील. त्यांच्याखाली नॉर्व्हल, शाईनं. त्याच्या शेजारी एक चौकट आणि तिच्यात पेन्सिलीनं, पुसट: 'हयात'.

"ही एकच तेवढी दिसते," तमारा म्हणाली. "यांची परवानगी आली नव्हती वाटतं. कोण या?"

लव्हॉननं आर्डिसकडे पाहिलं. आर्डिस चौकटीकडे पाहत होती.

"मी," ती म्हणाली.

तमारा पेटीत चिठ्ठी शोधू लागली. ट च्या मागं, आ च्या मागं. "तुम्ही नको म्हणाला होतात का?"

"मला विचारलं नव्हतं."

"पत्र नव्हतं आलं तुम्हाला?"

"मीच पाठवत होते ना पत्रं," आर्डिस म्हणाली. "एकाच घरात राहणाऱ्याला पत्र कोण टाकतं?"

  घर तापवणाऱ्या भट्टीची झडप करकरली. आर्डिसनं आत चाचपून पाहिलं, काही दुखतंय का, काही जळतंय का. काही नव्हतं. फक्त हात उचलावासा वाटेना.

"आज नको," ती म्हणाली.

"काय नको?"

"न्यायला नको. आज काहीच नको."

आर्डिस ट्वेटननं कुणाला नको म्हटल्याचं नॉर्डालमध्ये कुणी ऐकलं नव्हतं. तमारानं हातातली पेटी खाली ठेवली. "बरं," ती म्हणाली. बूट घालता घालता ती थांबली. "मिस ट्वेटन, एक सांगून ठेवते. तुमची चिठ्ठी आता आली तर मी फाइलला जोडीन. पण तक्त्यावर आम्हाला काही लिहिता येत नाही. एकदा तुमची सही झाली की त्याच्यावर पेन्सिलसुद्धा टेकवायची नाही, खोडायचं नाही. ना मी, ना तुम्ही, ना पुढं कधी कोणी. सही होईपर्यंत तो तुमचा आहे. तुम्ही काय कराल ते तुमचं."

व्हॅन रिकामी गेली. लव्हॉन तिथंच कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

"मग लिही की! त्यात काय अवघड आहे?"

"त्याच्या तक्त्यावर?"

"तो कोठीत गोठून पडलाय, आर्डिस. येतोय का ओरडायला?"

"तो ओरडायचा नाही कधी."

"तेच तर! ओरडला असता तर तू केव्हाच दोन शिव्या घातल्या असत्यास आणि मोकळी झाली असतीस."

"माझं अक्षर मोठं आहे," आर्डिस म्हणाली. "चौकटीत मावणार नाही."

*

सगळा मार्च तक्ता जेवणघराच्या टेबलावर गुंडाळलेला राहिला. ती त्याच्यावरची धूळ झटकायची आणि निघून जायची. मेलेल्या माणसावर रागवावं म्हणून तिनं एकदा मुद्दाम बसून पाहिलं. राग हातात येईना, टबातल्या साबणासारखा सटकत राहिला. कधी वाटे, पेन्सिलीनं लिहिलं होतं म्हणजे पुढं नाव घालणारच असेल. कधी वाटे, इतकी वर्षं रोज संध्याकाळी मी त्याच्या कोपराशी बसले होते, नुसतं मान वळवून विचारायचं होतं. विचारलं असतं तर तिनं काय म्हटलं असतं? "घाल की." एवढंच. आणि तिला तक्त्यात असायला आवडलं असतं. हे तिनं मनाशी साफ कबूल केलं. फार आवडलं असतं.

एप्रिलच्या शेवटी जमीन मऊ झाली. पास्टरनं सांगितलं आणि मोजकी माणसं टेकडीवर जमली. वारा असा की प्रार्थनेचे शब्द पलीकडच्या कुरणात जाऊन पडत होते. पेटी खाली गेली. आर्डिसनं मूठभर माती टाकली, ती ओली होती, हाताला चिकटली.

दगड आधीपासून उभा होता. ग्रॅनाइटचा, दोघांचा मिळून एकच. इकडे लोक ते काम हयातीतच उरकून ठेवतात, म्हणजे मागच्यांना त्रास नको. वर 'ट्वेटन'. डाव्या बाजूला नॉर्व्हल, त्याचं शेवटचं साल नुकतंच कोरलेलं, पांढरं. उजव्या बाजूला 'आर्डिस मरी', जन्मसाल, एक आडवी रेघ, आणि रेघेपुढं गुळगुळीत रिकामा दगड. त्या दगडाभोवतीचं गवत तिनं किती उन्हाळे कापलं होतं. तिला कधी काही वाटलं नव्हतं. दगड ठरवायला दोघं गेली होती तेव्हाचंही तिला आठवत होतं. कोरणाऱ्यानं विचारलं, बाईंचं नाव जरा बारीक घेऊ का, रेखीव दिसतं. नॉर्व्हलनं खिशातून पट्टी काढून अक्षरं मोजली होती. "सारखं पाहिजे," तो म्हणाला होता. "दोघांचं अगदी सारखं."

माणसं कॉफीला खाली गेली. लव्हॉन डोक्याचा रुमाल धरून थांबली. "चल गं. गारठून जाशील."

"लव्हॉन, हे बघ," आर्डिस म्हणाली. "इथं माझं नाव आहे. मरायचं तेवढं राहिलंय. आणि तिथं मी हयात आहे, तर नाव नाही."

लव्हॉननं दगडाकडे पाहिलं. ती बोलली तेव्हा तिच्या आवाजात थट्टा नव्हती.

"त्या पोरीला फोन कर," ती म्हणाली.

*

तमारा पुढच्या आठवड्यात आली. या खेपेला टेकड्या हिरव्या होत्या आणि दार उघडंच होतं. आर्डिसनं आदल्या रात्रीच दौत, टाक, टिपकागद मांडून ठेवले होते. खोलीत उजेड कमी पडत होता म्हणून तिनं आईचा आरसा आणून खिडकीच्या कट्ट्याला टेकवला. नीट टिकेना. तो सारखा घसरे.

"दे इकडे," लव्हॉन म्हणाली आणि आरसा दोन्ही हातांनी उचलून धरला. "कुठं पाहिजे?"

"जरा डावीकडे. आता खाली. हां."

"अगं आई गं, जड आहे की हा!"

"आहे," आर्डिस म्हणाली.

उन्हाचा तिरका पट्टा तक्त्यावर आला आणि पेन्सिलीतलं 'हयात' स्पष्ट दिसू लागलं. तमारा हातमोजे घालून कडा दाबून उभी होती. तिनं तोंड खिडकीकडे वळवलं, जसं कुणी कपडे बदलत असताना वळवावं. आर्डिसनं खोडरबराला हात लावला नाही. 'हयात' तिनं राहू दिलं. टाक दौतीत बुडवला, निथळला, आणि त्याच्याखाली लिहायला लागली.

अक्षर फळ्यावरचंच आलं. रांगेत शेवटी उभ्या असलेल्या पहिलीतल्या पोरालाही वाचता यावं असं. 'आर्डिस' एवढ्यातच चौकट संपली. ती थांबली नाही. 'मरी' रेघेवरून पलीकडे गेलं, आणि 'ट्वेटन' सरळ नॉर्व्हलच्या चौकटीत शिरून त्याच्या बारीक, देखण्या अक्षरांना टेकलं.

मग ती तशीच वाकून राहिली, टाक हातात धरून, श्वास रोखून. शाई वाळेपर्यंत राहायचं असतं तशी. ती वाट बघत होती. कुणीतरी म्हणेल, हलू नकोस. खोलीत कुणी काही म्हणालं नाही. लव्हॉनच्या दमलेल्या हातांत आरसा थरथरत होता आणि तक्त्यावरचं ऊन तिच्या नावावर मागं पुढं हलत होतं.

आर्डिसचा खांदा दुखू लागला. मग दंड, मग कोपर. इतक्या वर्षांचं सगळं एकदम दुखू लागलं. जानेवारीपासून न आलेलं रडू आलं ते असं वेडंवाकडं, आवाज करत आलं. लव्हॉन "अगं, अगं" म्हणत राहिली, पण तिनं आरसा काही खाली ठेवला नाही.

एक थेंब तक्त्यावर पडला. शेवटच्या अक्षरावर, ओल्या शाईवर. तमाराचा हात सवयीनं झटकन पुढं आला, कागद वाचवायला. मग तिनं तो मागं घेतला. सही व्हायची होती. तक्ता अजून आर्डिसचा होता.